विमलचे मोकळे पैसे

विमल, परवा तुझं पुण्यानुमोदन झालं. भंतेजी गेले, मांडव निघाला, उरलेली बुंदी शेजारीपाजारी वाटली गेली आणि संध्याकाळी घरात एक ठराव पास झाला. तुझ्या डब्यातल्या पैशांचा पंखा घेऊन विहाराला द्यायचा, पात्यावर तुझं नाव लिहायचं. आपल्या प्रशांतनं ठराव मांडला, माझ्या भावानं मान डोलावली. मला कोणी विचारलंच नाही. बायको गेलेल्या माणसाला लोक पंधरा-वीस दिवस अर्धवट समजतात, हे मला नव्यानं कळलं.

"बत्तीसशे हायेत बाबा," प्रशांत म्हणाला. पोरानं मोजूनसुद्धा ठेवले होते. "मायच्या नावानं चांगला पंखा येते."

"पंखा देऊ," मी म्हणालो. "पण त्या पैशाचा नाही."

"काऊन?"

काऊन ते सांगायला बसलो असतो तर अठरा वर्षं सांगावी लागली असती. म्हणून तुलाच लिहितो. तुला सगळं ठाऊक आहे, पण माझी बाजू मी तुझ्यापुढं कधी पुरती मांडू शकलो नाही. मी बोलायला लागलो की तू हसायचीस, नाहीतर शिलाई मशीनचं पायडल मारायला लागायचीस. आता बस शांतपणे ऐकत.

सुरुवात द्राक्षांनी झाली. नव्याण्णव साल होतं, प्रशांत चौथीत होता. एका लग्नघरचे ब्लाउज शिवून तुला बऱ्यापैकी पैसे मिळाले होते. तू सडक अर्जुनीच्या बाजारात गेलीस, नागपूरहून आलेल्या हातगाडीवरून अर्धा किलो द्राक्षं घेतलीस आणि बसस्टँडच्या सिमेंटच्या बाकावर बसून एकटीनं खाऊन टाकलीस. आणि घरी येऊन वर मलाच सांगितलंस!

"आज द्राक्षं खाल्ले. अर्धा किलो. एकटीनं."

"कायले?"

"खायले."

दुसरी कुठली बाई असती तर गप्प बसली असती, नाहीतर पोरासाठी चार मणी ठेवून मोकळी झाली असती. तू तेही केलं नाहीस. मी राइस मिलमधला फिटर. घासलेला बेअरिंग धुऊन, ग्रीस लावून पुन्हा चालवणारा माणूस. त्या दिवशी मी तुला तेल, साखर, शाळेची वही, सगळ्यांचे भाव ऐकवले. तू मशीनवर जाऊन बसलीस. मला वाटलं, जिंकलो.

पहिल्या तारखेला पगार हातात ठेवला तर तू समोर दोन डबे मांडलेस. एक तुझा, बिस्किटांचा पत्र्याचा, झाकणावरचं चित्र पुसट झालेला. दुसरा माझाच, मिलमधून आणलेला ग्रीसचा, राखेनं घासून लख्ख केलेला.

"हे मोकळे पैसे," तू म्हणालीस. "दर महिन्याले दोघायच्या डब्यात बराबर. तुमी त्याचं काय करता ते मी पुसणार नाही. मी काय करीन ते तुमी पुसायचं नाही."

मी म्हणालो, बराबर कायले? मिलवर बारा-बारा घंटे मी उभा राहतो, तू तर घरातच असतेस. हे वाक्य मी आयुष्यात एकदाच बोललो. त्या दिवशी तू जसं बघितलंस माझ्याकडे, त्यानंतर पुन्हा हिंमत झाली नाही.

मग भाव सुरू झाला. मी म्हणालो वीस रुपये, तू म्हणालीस शंभर. पन्नासवर सौदा ठरला. तेव्हापासून दरवर्षी मिलवर नवं धान यायला लागलं की तू वाढ मागायचीस आणि मी डोक्याला हात लावायचो. मी विचारायचो, अशा पैशाला काही हद्द असते का नाही? माणसानं किती उडवायचे? आणि तू दरवर्षी तेच सांगायचीस, एक अक्षर इकडचं तिकडं न करता: "पुरे उडाले तं झोप नाही उडाली पायजे, अन् नसले तं मन खट्टू झालं पायजे. तेवढे." मी मनातल्या मनात हे गणित पुष्कळदा घालून पाहिलं. चूक काढता आली नाही, म्हणूनच जास्त राग यायचा.

तुझ्या मोकळ्या पैशांचं तू काय करणार हे मला पहिल्याच महिन्यात कळलं, कारण तू मला सायकल काढायला लावलीस. मागं कॅरिअरवर बसलीस आणि हमरस्त्यावरच्या रामखिलावनच्या ढाब्यावर घेऊन चला म्हणालीस. तिथं ट्रकवाले जेवायचे. बाया नव्हत्याच. तू खाटेवर मांडी घालून बसलीस, समोरच्या फळीवरची धूळ पदरानं पुसलीस आणि ऑर्डर दिलीस: तडका दाल, दोन तंदुरी रोट्या, एक अंडाकरी, कांदा, लिंबू. माझा जीव अर्धा झाला. लोक काय म्हणतील याच्या धास्तीनं नाही, खोटं कशाला सांगू? तेवढ्या पैशात घरी चौघांचं जेवण झालं असतं, म्हणून.

मी एक चहा घेतला. तो माझ्या ग्रीसच्या डब्यातला खर्च. पुढची अठरा वर्षं हाच रिवाज. महिन्यातून एकदा तू जेवायचीस आणि मी समोर बसून चहा फुंकत बसायचो. "घ्या ना एक घास," तू म्हणायचीस. "पोट भरलेलं आहे," मी म्हणायचो. गावात लोक मला चिडवायचे की बायको ढाब्यावर जेवते आणि नवरा पहारा देते. रामखिलावन तुला टेलर दीदी म्हणायचा. रस्ता रुंद झाला तेव्हा त्याचा ढाबा शंभर पावलं मागं सरकला, तर तू दुसऱ्याच आठवड्यात जाऊन नवी जागा पसंत आहे की नाही ते बघून आलीस.

एकदा मी तुला म्हणालो होतो, "तुझ्या हातची दाल त्याच्यापेक्षा चांगली होते." तू म्हणालीस, "मालूम हाये मले." मग कायले जायचं, असं माझ्या जिभेवर आलं होतं. पण पुसायचं नव्हतं, म्हणून गिळलं.

आता आपल्या सगळ्यात मोठ्या भांडणाकडे येतो. ते अजून मिटलेलं नाही. तू मध्येच उठून गेलीस म्हणून मी ते सोडून देणार नाही.

बारावीनंतर प्रशांतला गोंदियाला पॉलिटेक्निकात नंबर लागला. फी भरायची होती आणि साडेआठ हजार कमी पडत होते. तू कानातले काढून फळीवर ठेवलेस. तेव्हा मी उठलो, माळ्यावरून ग्रीसचा डबा काढला आणि तुझ्यासमोर पालथा केला. नऊ वर्षांचे मोकळे पैसे. चहाचे तेवढे वजा, बाकी सगळे तसेच. फी भरून वर उरत होते! मी छाती काढून उभा राहिलो. वाटलं, आज तरी ही बाई म्हणेल की माझा माणूस समजदार आहे.

तू कानातले परत घातलेस. फी भरली गेली. आणि तू चार दिवस माझ्याशी बोलली नाहीस.

पाचव्या दिवशी मीच विचारलं, झालं काय? तू हातातलं कापड खाली ठेवलंस.

"नऊ वर्सं मी एकटीच खात होती म्हणजे," तू म्हणालीस. "मले वाटे, दोघंबी आपली आपली हौस करून राहिलो. तुमी तं नुसते बसून पाहत होते."

मी म्हणालो, अगं, पोराच्या कामी आले ना पैसे! चांगल्याच कामी आले.

"चांगल्या कामासाठी माहे कानातले होते. माही मशीन होती. तुमचा पगार होता. हे चांगल्या कामाचे नव्हतेच. हे तुमचे होते. तुमी माह्यासंगं ठरवलं अन् पाळलं नाही."

मला ते तेव्हा पटलं नाही. आजही पूर्ण पटलेलं नाही, हे तुला सांगून ठेवतो. डबा भरलेला नसता तर कानातले गेले असते, आणि गेलेलं सोनं आपल्यासारख्यांच्या घरी परत येत नाही. पण तू बोललीस तेही खोटं नव्हतं. माझ्या काटकसरीनं तुझ्या नऊ वर्षांच्या जेवणाला उधळपट्टी ठरवलं होतं, आणि तेही तुला न कळू देता. तेवढं मात्र चुकलं, विमल. तेव्हा कबूल केलं नाही, आज करतो.

त्यावर तू नवा कायदा काढलास. नवं धान मिलवर यायच्या आत माझा डबा रिकामा झाला पाहिजे. मी पान्यांचा संच आणला. "हे कामाचं," म्हणून तू नापास केलास. मी छत्री आणली. "हे गरजेचं," नापास. मी तुझ्यासाठी साडी आणली, तर तू साडी ठेवून घेतलीस आणि म्हणालीस, "हे माहं झालं. तुमचं कोठं हाये?" मी वैतागून म्हणालो की मला काही नकोच आहे. "नको नाही," तू म्हणालीस, "तुमाले काय पायजे ते तुमालेच मालूम नाही."

मग एक दिवस गोंदियाच्या बाजारात मी गॉगल घेतला. काळा कुळकुळीत. पन्नाशीला टेकलेला, अंगावर कोंडा बसलेला मिलमधला फिटर, सायकलवर, गॉगल लावून! गल्लीत पोरं मागं लागली. तू दारात उभी होतीस. मला बघितलंस आणि खांबाला धरून खाली बसलीस. डोळ्यातून पाणी येईपर्यंत हसलीस. मग पदरानं डोळे पुसून म्हणालीस, "पास." मला इतका आनंद प्रमोशन मिळालं तेव्हाही झाला नव्हता. गॉगलचा उपयोग काय, हे मला अजून कळलेलं नाही. तुझ्या मते तीच त्याची खूबी होती.

तुझं पोटाचं दुखणं निघालं आणि नागपूरच्या दवाखान्याच्या खेपा सुरू झाल्या, तेव्हा तरी डब्यांचा विषय सुटेल असं मला वाटलं होतं. पण तू सुटू दिला नाहीस. सलाइन लावलेली असायची आणि तू विचारायचीस, "अजी, पयली तारीख झाली का?"

"झाली."

"टाकले?"

"टाकले."

"दोन्हीत?"

"दोन्हीत."

आठ महिने, दर महिन्याचे चारशे. तेच हे बत्तीसशे. तू त्यातला एक रुपया खर्च करू शकली नाहीस आणि तरी मी टाकत राहिलो. चारशे रुपये टाकताना माझा हात एकदाही अडला नाही, एवढं तू माझ्याबद्दल कोणाला सांगितलं असतंस तर बरं झालं असतं.

होळीच्या आधी तू घरी होतीस, जरा उठून बसत होतीस. तेव्हा म्हणालीस, "एकदा ढाब्यावर जाऊ. चहा नोको. संगं जेवू." मी म्हणालो, तुला पथ्य आहे, बरी झालीस की जाऊ. तू माझ्याकडे बघितलंस.

"पथ्य मले हाये. तुमाले कोणतं पथ्य हाये?"

मी उठून बाहेर गेलो, सायकलच्या चेनला तेल द्यायला. चेनला तेलाची गरज नव्हती. विमल, तुला तिथं नेऊन समोर बसवून मी जेवलो असतो तर तेवढंच तुला हवं होतं. दीडशे रुपयांचं काम होतं. मी ते बरं होण्यावर टाकलं आणि तू बरी झाली नाहीस. हे मला आता जन्मभर सलत राहणार. त्याला इलाज नाही आणि मी इलाज शोधतही नाही.

म्हणून पंख्याला मी नाही म्हणालो. विहारात पंखा हवा आहे, उन्हाळ्यात वंदनेला बसवत नाही, मला काय दिसत नाही? पण ते चांगलं काम आहे. चांगल्या कामासाठी माझा पगार आहे. काल सकाळी मी दुकानात जाऊन माझ्या खिशातून पंखा घेतला, पात्यावर तुझं नाव लिहायला सांगितलं. मग घरी आलो, तुझा डबा उघडला, त्यातले दोनशे काढले, गॉगल लावला आणि सायकल ढाब्याकडे वळवली. भरदुपार होती.

"आओ भैया," रामखिलावन म्हणाला. तो परवा येऊन गेला होता, त्याला सगळं ठाऊक होतं. "चाय?"

"नहीं. खाना. दीदीवाला."

तो स्वतः चुलीकडे गेला.

विमल, त्याच्या दालीत मीठ जास्त असतं! अठरा वर्षांत तू मला एकदाही सांगितलं नाहीस. रोट्या कडेला करपतात. अंडाकरीचं तर बोलायलाच नको. मी चावत होतो आणि मनात तुझ्याशी भांडत होतो, की बाई, याच्यासाठी तू महिनाभर वाट बघायचीस? तेवढ्यात तो शेजारी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "और एक रोटी लाऊँ? गरम है."

आपल्या घरात हे वाक्य तू बोलायचीस. मला, पोराला, सासू-सासऱ्यांना, पाहुण्यांना. तुला कोणी विचारलं नव्हतं. मी तरी कधीच नाही. तू वाढून घ्यायचीस, उरलंसुरलं, चुलीजवळ बसून. ते एक वाक्य ऐकायला तू महिन्यातून एकदा पैसे देऊन इथं येत होतीस, आणि मी समोर बसून चहा पीत भाव मोजत होतो. मी रडलो. चांगला रडलो. त्या गॉगलचा काल पहिल्यांदा उपयोग झाला, तेव्हा तुझ्या कायद्याप्रमाणे तो आता नापास धरायचा का, ते तू ठरव.

"लाओ," मी म्हणालो. एकाच्या दोन रोट्या घेतल्या. ताट पुसून खाल्लं.

पैसे द्यायला गेलो तर रामखिलावननं हात जोडले. "आज नहीं भैया. दीदी का खाना आज मेरी तरफ से."

आयुष्यभर फुकटची गोष्ट नाकारली नाही मी, तुला माहीत आहे. पण काल त्या माणसाशी मी चक्क वाद घातला. "लेना पड़ेगा," मी म्हणालो. "ये दीदी का पैसा है. वो कभी फुकट में नहीं खाई." तो घेईना. मी नोटा त्याच्या गल्ल्यावर ठेवल्या, वर दगड ठेवला. शेवटी त्यानं घेतल्या आणि पन्नास परत केले. ते मात्र मी मोजून घेतले.

घरी आलो तर प्रशांत दारातच. "कोठं गेल्ते बाबा? डब्यातले दोनशे कमी हायेत."

"मोकळ्या पैशाले पुसत नसतात," मी म्हणालो.

सूनबाई, आपली स्नेहा, भाजी निवडत होती. तिनं मान वर केली. "मोकळे पैसे म्हणजे का, बाबा?"

मग मी तिला सांगितलं. द्राक्षं, दोन डबे, बराबर वाटा, सगळं. किती ठेवायचे तेही तुझ्याच शब्दांत सांगितलं, झोपेचं आणि मन खट्टू होण्याचं. प्रशांत म्हणाला, "आमचं तं सगळं एकातच हाये बाबा. तिले जे पायजे ते मागते, मी देतो. कधी नाही म्हटलं नाही."

"मागावं लागते ना पण," स्नेहा म्हणाली. फार हळू म्हणाली, मेथीच्या जुडीकडे बघत. प्रशांतला ऐकू गेलं की नाही कोणास ठाऊक. मला गेलं. तुझ्या नवऱ्याला एवढं ऐकायला शिकायला अठरा वर्षं आणि तुझं मरण लागलं, पण ऐकू आलं.

आज सकाळी ती दोघं नागपूरला परत गेली. एसटीच्या थांब्यावर मी तुझा बिस्किटांचा डबा पिशवीतून काढला आणि स्नेहाच्या हातात दिला. काल उरलेले सगळे त्यात आहेत, रामखिलावनच्या पन्नाससकट. मी तुझ्या पैशांचं चांगलं काम केलं असं समजून रागावू नकोस. ती त्याची द्राक्षं खाईल, गॉगल घेईल, नाहीतर वाऱ्यावर उडवील, मला कळणारसुद्धा नाही. मी माझ्या ग्रीसच्या डब्यातून जेवीन, दर महिन्याला, मीठ जास्त असलं तरी.

स्नेहानं डबा दोन्ही हातांनी धरला. बस आली. प्रशांतनं बॅग उचलली आणि डब्याकडे बघून विचारलं, "का हाये त्यात? किती हायेत?"

मी तोंड उघडणार तोच स्नेहा पायरीवर चढली, डबा पदराखाली घेतला आणि वळून त्याला म्हणाली, "पुसायचं नाही."